मंगळुरी कौल

इंग्रजी अक्षरं मी पुस्तकाआधी छपरात वाचली. मे महिन्यात दुपारी ओटीवर उताणं पडलं की वर वासे, वाशांवर रिपा आणि रिपांमधून डोकावणारी कौलांची पोटं दिसायची. माजघराकडची धुराने काळी पडलेली. ओटीवरच्या पाख्यातली मात्र तांबडीलाल, आणि त्यांच्या पोटावर उठावाची अक्षरं. उलटीसुलटी वाचत कधीतरी ती जुळली: बाझल मिशन टाइल वर्क्स, १८६५, मंगलोर. घरात विचारलं तर "मंगळुरी कौलं ती, पडावातून आणलेली," एवढंच उत्तर मिळे. मिशन म्हणजे पाद्री, हे मला ठाऊक होतं. पाद्री शाळा काढतात, दवाखाने चालवतात, रविवारी प्रवचन करतात. ते चिखल मळून कौलं कशाला भाजतील?

प्रश्न बरीच वर्षं डोक्यात राहिला. त्याचं उत्तर सुरू होतं धर्मशास्त्रात, पण दोन पावलं टाकताच ते भाताच्या हंडीपाशी येतं.

बाझल हे स्वित्झर्लंडच्या अगदी कडेचं, ऱ्हाइनकाठचं शहर. एका बाजूला जर्मनी, दुसरीकडे फ्रान्स. तिथल्या भाविक प्रॉटेस्टंट मंडळींनी १८१५ साली मिशन काढलं. पैसा शहरातल्या रेशमी फितींच्या कारखानदारांचा आणि व्यापाऱ्यांचा. माणसं मात्र बहुतेक जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गची, खेड्यांतल्या विणकर-सुतार-शेतकऱ्यांची पोरं. त्यांचा पंथ पाएटिस्ट म्हणजे भक्तिपंथी म्हणावा असा. आधी अंतःकरण बदललं पाहिजे आणि बदललेलं अंतःकरण रोजच्या वागण्यात दिसलं पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष. जर्मन भाषेत धंद्याला जो शब्द आहे त्याच्या पोटात ‘बोलावणं’ हा अर्थ आहे, आणि लूथरने तो अर्थ जागा केला होता. धर्मगुरूला वेदीपाशी बोलावणारा देवच चांभाराला आरीपाशी बोलावतो, असा त्याचा रोख. सावता माळ्याच्या मळ्यातून ज्यांची वाट गेली आहे त्यांना ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. या मंडळींनी तिला घड्याळ आणि हिशेबाची वही जोडली, हा त्यांचा वेगळेपणा.

ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३३च्या सनदेमुळे ब्रिटिश नसलेल्या मिशनऱ्यांनाही हिंदुस्थानाची वाट मोकळी झाली. दुसऱ्याच वर्षी सॅम्युएल हेबिख, लेनर आणि ग्राइनर असे तिघे कालिकतला उतरले आणि मंगळुरात येऊन राहिले. हेबिख म्हणजे छातीवर रुळणारी दाढी आणि दबता न येणारा आवाज. कण्णूरच्या छावणीतल्या गोऱ्या अंमलदारांच्या दारात जाऊन त्यांनाच पश्चात्ताप करायला लावणारा माणूस. त्याच्यामागून विद्वान आले. हेर्मान म्योग्लिंगने १८४३ साली ‘मंगळूर समाचार’ काढला, ते कन्नडमधलं पहिलं वर्तमानपत्र. तलश्शेरीत राहिलेल्या हेर्मान गुंडर्टने मल्याळमचा कोश रचला, फर्डिनांड किटेलने कन्नडचा. गुंडर्टचा नातू म्हणजे ‘सिद्धार्थ’ कादंबरीचा लेखक हेर्मान हेसे. मिशनचं हे भाषेचं काम एवढं थोरलं आहे की बाकीचं सगळं त्याच्या सावलीत जातं. मला त्या सावलीतलंच पाहायचं आहे.

१८४४च्या जानेवारीत मंगळुरात आनंदराव कौंडिण्य नावाच्या सारस्वत तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि शहरात दंगा उसळला. कौंडिण्य घरादाराला मुकला. पण तो शिकलेला होता. म्योग्लिंग त्याला युरोपला घेऊन गेला, बाझलमध्ये त्याचं शिक्षण झालं आणि १८५१ साली तो दीक्षा घेतलेला पाद्री म्हणून परत आला. त्याच्यापुरता भाकरीचा प्रश्न मिटला.

ज्यांना ना इंग्रजी येत होतं ना संस्कृत, त्यांचं काय?

मंगळूरच्या परिसरात ख्रिस्ती होणाऱ्यांत बिल्लव पुष्कळ. बिल्लव म्हणजे माड-ताडाची माडी काढणारी जात, आपल्याकडच्या भंडाऱ्यांसारखी. मिशनचा दारूच्या धंद्याला सक्त विरोध. म्हणजे बाप्तिस्मा घेतल्याबरोबर कमरेची कोयती खाली ठेवायची. कूळ म्हणून कुणाची जमीन कसत असेल तर जमीनदार ती काढून घेई. तुळु मुलखात वारसा मामाकडून भाच्याकडे जाणारा, मिळकत सगळ्या घराण्याची सामाईक. घराण्याने बाहेर काढलं की माणूस अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर. मलबारातल्या तिय्या जातीची स्थिती फारशी वेगळी नव्हती. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क बुडत नाही, असं १८५०च्या २१ व्या कायद्याने सांगितलं खरं, पण विहिरीवर पाणी भरू द्या असं कायदा कुणाला सांगणार? न्हावी येईना, शेजारी आगीचा निखारा देईना. बाप्तिस्म्याच्या पाण्याने पाप किती धुतलं गेलं ते देव जाणे; पोटाचा धंदा हमखास धुऊन जात असे.

अशी माणसं मिशनच्या आवारात येऊन राहिली. त्यांना जेवायला घालणं भाग होतं. आणि जेवायला घातलं की गाव म्हणे, पोटासाठी बाटले. हा टोमणा मिशनऱ्यांना फार लागे, कारण तीच शंका त्यांच्या स्वतःच्या मनात होती. समोर हात जोडून उभा असलेला माणूस ख्रिस्तासाठी आलाय की शेरभर तांदळासाठी, हे कसं ओळखायचं? पाएटिस्ट मनाला फुकटची भाकरी हे जवळजवळ पापच. तेव्हा काम द्यायचं. पण कोणतं?

पहिली काही वर्षं चाचपडण्यात गेली. शेती करून पाहिली. सुतारकाम, घड्याळांची कामं यांचेही प्रयोग झाले. मंगळुरात तेव्हा घड्याळं होती तरी किती! कोडगूच्या डोंगरात म्योग्लिंग आणि कौंडिण्य यांनी होलेय या अस्पृश्य जातीतल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी आनंदपूर नावाची वस्ती वसवली. गावाला नाव आनंदरावाचं. सारस्वत ब्राह्मणाच्या घरात जन्मलेल्या माणसाने अस्पृश्य मजुरांसाठी वस्ती उभी करावी ही त्या काळात लहान गोष्ट नव्हे. पण एका वस्तीने किनाऱ्यावरच्या शेकडो रिकाम्या हातांचा प्रश्न सुटणार नव्हता.

१८५१ साली मिशनचा मुख्य अधिकारी योझेफ योझेनहान्स स्वतः हिंदुस्थानात पाहणीला आला. माणूस करडा, नियमांचा भोक्ता. त्याने पाहिलं आणि ठरवलं की हे नुसत्या प्रचारकांचं काम नाही, इथे कारागीर पाहिजेत. मग बाझलहून जी माणसं येऊ लागली ती प्रवचनकार नव्हती. कुणी विणकर, कुणी यंत्राचा जाणकार, कुणी दुकानाचा हिशेब ठेवणारा. त्यांनाही मिशनरीच म्हणत. कारकून किंवा फोरमन म्हणून आलेल्या माणसालाही मिशनच्या शिस्तीत राहावं लागे, उपासनेला यावं लागे. हा शुभवर्तमान सांगणारा आणि हा पोट भरणारा, अशी कामाची प्रतवारी त्यांना तत्त्वतः मान्य नव्हती. व्यवहारात प्रतवारी होतीच, पण तत्त्व लिहून ठेवलेलं असलं की निदान त्यावर भांडता तरी येतं.

विणकर योहानेस हालर १८५१ साली आला. मंगळूरच्या बाळमठ्ठ टेकडीवर त्याने माग बसवले. दोरीला हिसका दिला की धोटा आपसूक या काठावरून त्या काठाला धावतो, असे ते युरोपातले माग. इचलकरंजी-सोलापूरच्या वाचकाला त्याचं महत्त्व सांगायला नको. हाताने धोटा फेकणाऱ्या विणकराला पन्ह्याची मर्यादा असते, वेगाची असते. या मागावर रुंद कापड निघे, आणि भराभर निघे. पुढच्या वर्षी कण्णूरला माग बसले, नंतर कालिकतला. कण्णूरच्या हातमागाचं आज जे नाव आहे त्याच्या मुळाशी ही साळ आहे.

मंगळूरकर अभिमानाने सांगतात की खाकी रंग हालरने काढला, कानडा जिल्ह्याच्या पोलिसांना त्याचे गणवेश झाले आणि मग ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्सने तो पाहून लष्कराला सुचवला. पेशावरकडे लम्सडेन या ब्रिटिश अंमलदाराच्या पलटणीने मातकट रंगाचे कपडे त्याआधीच घातले होते, तेव्हा खाकीचं पितृत्व एकट्या हालरला देणं धाडसाचं. पक्का न उडणारा खाकी रंग त्याच्या रंगशाळेत तयार होत होता एवढं मात्र खरं. शांतीचा संदेश घेऊन आलेल्या मिशनचं सगळ्यात गाजलेलं कापड फौजेच्या अंगावर गेलं, यातली गंमत त्या काळच्या बाझलकरांना जाणवली की नाही कोण जाणे.

कापड विणलं जाऊ लागलं, आता विकायचं कुठे? १८५४ साली गोटलोब फ्लायडरर नावाचा व्यापारी मंगळुरात आला. त्याने मिशनचं दुकान नीट मांडलं, आयात-निर्यात सुरू केली, हिशेब वेगळे केले. तिकडे बाझलमध्ये उद्योगांसाठी स्वतंत्र समिती बसली. तिच्यात कार्ल साराझिन हा प्रमुख माणूस. रेशमी फितींचा मोठा कारखानदार, शहराच्या कारभारातला वजनदार सभासद, आणि स्वतःच्या कामगारांच्या राहणीची काळजी वाहणारा म्हणून नावाजलेला. १८५९ साली मिशनची व्यापारी कंपनी उभी राहिली, भागभांडवलावर. भागधारक भाविक घराण्यांतले. त्यांना मिळणाऱ्या परताव्यावर मर्यादा, वरचा नफा मिशनच्या कामाला. दारू विकायची नाही, हा दंडक. हीच कंपनी आफ्रिकेत आजच्या घानातही व्यापार करी, आणि त्या किनाऱ्यावर दारूला नाही म्हणणं म्हणजे अर्धं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात घालवणं होतं. तरी दंडक राहिला.

या कंपनीवरून बाझलमध्येच कुरबुर होती. देवाच्या कामात पैशाची उलाढाल कशाला? दोन धन्यांची चाकरी करता येत नाही हे बायबलातलं वचन तोंडावर फेकायला प्रत्येकाच्या हाताशी होतं. कंपनीवाल्यांचं म्हणणं होतं की प्रामाणिक मापाने विकलेलं कापड हेही प्रवचनच आहे, आणि ते रविवारची वाट पाहत नाही. मला या वादात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, म्हणूनच तो मिटला नसावा.

आता कौलाकडे.

गेओर्ग प्लेब्स्ट मंगळुरात आला तो छापखान्यासाठी. यंत्रं दुरुस्त करणारा, टाइप ओतणारा माणूस. कन्नड-मल्याळमचे सुबक खिळे तयार करण्यात त्याचा हात आहे. पण त्याचं लक्ष नेत्रावती नदीच्या काठच्या मातीवर गेलं. चिकणी, बारीक, भाजल्यावर लाल होणारी. गावचे कुंभार तिची मडकी आणि नळीची कौलं करतच होते. प्लेब्स्ट युरोपला गेला तेव्हा तिथे भांडी-कौलांचं काम शिकून आला आणि १८६५ साली मंगळूरच्या दक्षिणेला जेप्पू इथे, नदीच्या अंगाला, त्याने कौलांचा कारखाना घातला. सुरुवात अगदी लहान. चिखल मळायला बैल, आणि हाताने फिरवायचं दाबयंत्र.

त्याने घडवलेलं कौल त्याच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. फ्रान्सच्या आल्सास प्रांतात जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणारी कौलं काढली होती. बाझलपासून ती जागा काही फार लांब नाही. कौलाच्या एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला तिच्यात बसणारा कंगोरा, आणि पोटाला रिपेला धरून राहणारे दोन टेकू. एवढंच. पण या ‘एवढंच’ने छप्पर बदललं. नळीची कौलं दुहेरी घालावी लागतात. एक उताणं, एक पालथं. त्यांचं ओझं पेलायला लाकूड-बांबू भरपूर लागतो आणि दरसाल परतावी लागतात. एक माकड छपरावरून गेलं की चार घमेली ठिकऱ्या. मंगळुरी कौल अडीच-तीन किलोचं, शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास पुरतात. एकदा बसली की वाऱ्याने उचकत नाहीत, आणि पाऊस कितीही तिरपा आला तरी पाणी खाचेतून खाली धावतं. झापांच्या आणि गवताच्या छपरांना दर उन्हाळ्यात आगीची धास्ती असे. तीही संपली.

कृती सांगायला सोपी, करायला जिवाची. नदीतला गाळ होड्यांनी आणायचा, मुरवायचा, मळायचा, त्याच्या वड्या पाडायच्या, तेल लावलेल्या साच्यात दाबायच्या. ओल्या कौलाच्या कडा तासायच्या आणि ते फळ्यांच्या मांडणीत सावलीला वाळत ठेवायचं. उन्हात ठेवलं की तडकतं. मग भट्टी. कित्येक दिवस चढत्या आणि उतरत्या आचेने. पश्चिम घाटातलं किती लाकूड या भट्ट्यांनी गिळलं त्याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. मिशनच्या जमाखर्चात तो जळणाच्या एका ओळीत संपतो.

१८७३ साली कालिकत, १८८२ साली मंगळुरातच कुद्रोळी, मग मालपे, कोडक्कल, ओलवक्कोड आणि शेवटी १९०५ साली फरोक, असे मिशनचे सात कौलकारखाने झाले. बैल गेले, वाफेची यंत्रं आली. लोखंडकामाचा कारखाना निघाला. पडावांतून, फत्तेमाऱ्यांतून कौलं गोव्याला, मालवणला, रत्नागिरीला, मुंबईला गेली. मोठ्या जहाजांनी एडन, बसरा, पूर्व आफ्रिका गाठली. मिशनचं पाहून मंगळूरचे इतर लोकही या धंद्यात उतरले. अल्बुकर्क या मंगळुरी कॅथलिक घराण्याचा कारखाना तर जेप्पूनंतर तीनच वर्षांत सुरू झाला. मिशनमध्ये हात बसलेले कामगार तिकडे जास्त मजुरीवर जाऊ लागले, आणि बाझलचे साहेब हळहळू लागले की आम्ही घडवलेली माणसं बाजार उचलून नेतो. मला ती मिशनची सगळ्यात मोठी कमाई वाटते. प्रवचनाने नव्हे, पण कारखान्याने त्यांना अशी माणसं दिली जी मिशनला रामराम करून आपल्या कसबावर जगू शकत होती.

मलबारात याला आणखी एक पदर आहे. तिथे पूर्वी कौलारू छप्पर देवळाला आणि राजवाड्याला शोभणारं मानलं जाई. साध्या माणसाने घरावर कौलं चढवायची तर राजाची परवानगी लागे. खालच्या जातींच्या डोक्यावर गवत किंवा झापाच असायची. आता तीच जात कारखान्यात हजारांनी कौलं काढत होती, आणि चार पैसे साठले की स्वतःच्या घरावर चढवत होती. कोकणात देवाला कौल लावतात तो वेगळा. हा चिखलाचा कौल मात्र त्यांनी कुणाला न विचारता घेतला.

कारखान्याचा दिवस प्रार्थनेने सुरू होई. मग घंटा, हजेरी, काम. हजेरीला उशीर म्हणजे दंड. नेत्रावतीच्या काठावर भरती-ओहोटी आणि कोंबड्याच्या आरवण्यावर जगलेल्या माणसांना मिनिटांचा हिशेब शिकवणं हे बाप्तिस्म्याइतकंच मोठं धर्मांतर होतं. मागावर, भट्टीवर वेगवेगळ्या जातींतून आलेली माणसं शेजारी बसत. कौलं वाहणं, कडा तासणं ही कामं बायका करीत आणि मजुरी पुरुषांहून कमी घेत. त्या बाबतीत मिशनने जगाहून वेगळं काही केलं नाही. आजारपणासाठी निधी होता, बचतीची सोय होती, म्हातारपणाकरता पैसे कापून ठेवले जात. विधवांना घरी बसून करता येईल असं सूतकाम दिलं जाई. हिंदुस्थानात कामगारांसाठी असे कायदे व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर विणकाम आणि कौलं मिळून मिशनच्या कारखान्यांत तीन हजारांवर माणसं होती. सगळी ख्रिस्ती नव्हती. काम वाढलं तसे हिंदू-मुसलमान कामगारही आले.

गाठ पडली ती इथेच. रविवारी जो वडीलधारा म्हणून पापकबुली ऐकतो तोच सोमवारी मुकादम म्हणून मजुरी कापतो. राहतं घर मिशनच्या आवारात, मुलं मिशनच्या शाळेत, उसनवारी मिशनच्या पेढीवर. पिऊन आलेल्या माणसाला मंडळीतून काढायचं तर त्याच्या मागाचं काय करायचं? आणि मजुरी वाढवून मागणारा कामगार हा मालकाशी भांडतोय की आपल्या आध्यात्मिक बापाशी? मिशनऱ्यांच्या आपसांतल्या बोलण्यात ही तक्रार वारंवार येते. आमचे लोक आमच्याकडे पाहतात ते पोशिंदा म्हणून, स्वतःच्या पायावर उभे राहत नाहीत. उभं राहायला जमीन कुठे ठेवली होती, हा प्रश्न त्यांना उशिरा सुचला. पगार देणारा आणि स्वर्गाची वाट दाखवणारा एकच असला की लोक दोन्हींत फरक करणं सोडून देतात. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. माणसं प्रामाणिक होती, मापं खरी होती. तरी गाठ पडलीच.

१९१४च्या ऑगस्टात युद्ध पेटलं. बाझल मिशनचं मुख्यालय तटस्थ स्वित्झर्लंडात, पण हिंदुस्थानातली बहुतेक माणसं जर्मन. ब्रिटिश सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवलं आणि लष्करी वयाच्या पुरुषांना धरून आणलं ते आपल्या अहमदनगरला. नगरच्या छावणीत तारेच्या कुंपणाआड, जर्मन व्यापारी आणि खलाशांबरोबर, मंगळूर-मलबारचे पाद्री आणि कारखानदार बसले. आयुष्यभर तुळु, कन्नड, मल्याळम बोललेली ही माणसं मराठी मुलखात आली ती अशी.

योगायोग असा की ख्रिस्ती माणसाने कमवावं कसं, हा प्रश्न ज्या मराठी शहरात सगळ्यात जास्त चघळला गेला ते हे नगरच. अमेरिकन मराठी मिशन तिथे १८३१ पासून होतं. महार-मांगांतून आलेल्या ख्रिस्ती मंडळींसाठी तिथेही उद्योगशाळा काढल्या गेल्या. चर्चिल नावाच्या मिशनऱ्याने सुधारलेला हातमाग बनवला तो नगरातच. आणि याच मिशनच्या सेवेत आयुष्य घालवलेल्या नारायण वामन टिळकांना त्या सुमारास परक्या मिशनच्या पगारावर उभं असलेलं ख्रिस्तीपण सोसेनासं झालं होतं. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. टिळकांचा घाव ज्या जागी होता, ती जागा जेप्पूच्या भट्टीपाशीही तीच होती. कुंपणाआडच्या जर्मनांच्या कानावर टिळकांची कीर्तनं कधी गेली असतील का, असं मला उगाच वाटत राहतं.

१९१५च्या नोव्हेंबरात आणि १९१६च्या मार्चमध्ये ‘गोलकोंडा’ जहाजाने जर्मन मिशनऱ्यांना आणि त्यांच्या बायकामुलांना मायदेशी नेलं. त्यांतली काही मुलं मलबारातच जन्मलेली, त्यांना मायदेश म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. मिशन आणि व्यापारी कंपनी युद्धाच्याच काळात एकमेकांपासून कायद्याने वेगळी झाली, पण त्याचा हिंदुस्थानात उपयोग झाला नाही. कारखाने, माग, दुकानं सरकारने ताब्यात घेतली आणि युद्ध संपल्यावर लंडनमध्ये उभारलेल्या कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीच्या हवाली केली. भागधारकांच्या नफ्यावर मर्यादा असावी, हे तत्त्व तिनेही कागदावर ठेवलं. देवळं आणि शाळा इतर मंडळ्यांकडे सोपवल्या गेल्या. मिशनरी पुढे १९२० नंतरच्या दशकात परत येऊ शकले. कारखाने त्यांना परत मिळाले नाहीत.

कामगारांना मात्र सकाळी घंटा ऐकू आलीच. भट्टी थंड पडू देता येत नाही, ती पेटवली की दिवसरात्र जागावं लागतं. मालक बदलला, मुकादम बदलला, साचे तेच राहिले. देवळातल्या बाकांवर आणि मागांवर तीच माणसं बसत होती, फक्त आता दोन्ही जागी वेगवेगळ्या लोकांचं ऐकावं लागे. त्यांतल्या काहींना हायसं वाटलं असेल असा माझा कयास आहे.

कालिकतच्या मानांचिरा तळ्याकाठची विणशाळा ‘कॉमट्रस्ट’ या नावाने २००९ पर्यंत चालली, मग बंद पडली. मंगळूरचे कौलकारखाने एकेक करून मिटले. काँक्रीटच्या स्लॅबने आणि पत्र्याने त्यांचं गिऱ्हाईक नेलं, नदीतली माती मिळेनाशी झाली, जळण महागलं.

मागल्या वर्षी आमच्या ओटीवर फणसाची फांदी पडली आणि पंधरा-वीस कौलं फुटली. नवीन मिळेनात. गावात मोडायला काढलेल्या एका घरावरून सुताराने जुनी उतरवून आणली. त्यांच्या पोटावर बाझल मिशन नव्हतं, कॉमनवेल्थ ट्रस्ट होतं. ही आमच्यात बसतील का, मी विचारलं. त्याने एक उचलून रिपेवर ठेवलं, जरा सरकवलं. कंगोरा खाचेत गेला. "साचो एकच," तो म्हणाला आणि पुढलं मागायला हात खाली केला.